माणूस ओला, ताका कोरा

पावसात आधी कोणाला झाकायचं, हा प्रश्न सुरतेच्या कापडबाजारात कुणाला पडलेला मी पाहिला नाही. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. आधी कापडाचा ताका. मग प्लास्टिक उरलं तर गाडीची सीट. त्यातूनही उरलंच, तर शेठच्या दुकानापुढे लावलेली स्कूटर. गाडी ओढणाऱ्या माणसाचा नंबर कुठे लागतो, हे विचारायचं मला वीस पावसाळ्यांत सुचलं नाही. आमचे कांतिशेठ म्हणायचे, "माणूस भीगा तो सूख जाएगा, ताका भीगा तो वापस आएगा." हे म्हणताना ते नेहमी गादीवर, पंख्याखाली, खडखडीत कोरडे असायचे.

मी तीन चाकांच्या पायडल गाडीवर माल वाहायचो. पुढे सायकल, मागे फळ्या ठोकलेला चौकोनी पाट, एवढीच ती गाडी. परवा माझ्या भाच्यानं मोबाइलवर परदेशातले फोटो दाखवले. गोरीगोरी माणसं तसल्याच गाड्या चालवताहेत, डोक्यावर टोप, अंगात पिवळा झकास रेनकोट, चेहऱ्यावर पुण्य केल्याचा आनंद. "मामा, ह्याला कार्गो बाइक म्हणतात. पर्यावरण वाचतं ह्यानं." नव्वदच्या दशकात आम्ही लिंबायतच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यातून कमरेएवढ्या पाण्यात गाडी ढकलत पर्यावरण वाचवत होतो, हे तेव्हा कुणी बोललंच नाही. बोललं असतं, तर निदान रेनकोट तरी मागितला असता.

मी मूळचा बुलढाण्याकडचा. सुरतेला आलो तो यंत्रमागावर काम करायला. यंत्रमागाच्या कारखान्याला तिथे 'खातं' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात खात्यातल्या खडखडाटानं कानात दडे बसले. रात्री झोपेतही माग चालायचे. मग गाडी धरली. खात्यात राहिलो असतो तर कान गेले असते, गाडीवर आलो म्हणून गुडघे गेले. निवड माझीच होती, तक्रार कुणाकडे करणार!

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे पायडल मारणं वाटतं. पायडल तर गाढवही मारेल, त्याला सीटवर बसवण्याची तेवढी अडचण आहे. खरं काम माल रचण्याचं. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या लांबलचक गठ्ठ्याला ताका म्हणतात. रंग नाही, छपाई नाही, नुसतं मळकट पांढरं कापड. हे ताके भिंतीच्या विटांसारखे एकमेकांत अडकवून रचायचे, म्हणजे खड्ड्यात गाडी हलली तरी माल हलत नाही. त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर काथ्याची दोरी, आणि दोरीची गाठ माझ्या बाजूला, कारण मागे बांधली तर रस्त्यात कुणीतरी सोडून बघतं. सगळ्या मालात मधोमध एक जागा अशी असते की ढग फुटला तरी तिथे थेंब पोचत नाही. मी त्या जागेला गाभारा म्हणायचो. शेठचा सर्वांत चांगला ताका गाभाऱ्यात, आणि पुजारी बाहेर, धो धो पावसात.

ओल्या चाकावर ब्रेक लागत नाही. ब्रेक म्हणजे माझी टाच. चपलेची टाच झिजली की नवी चप्पल घ्यायची, तो खर्च पर्यावरणाच्या नावे.

गिऱ्हाइकं तर एकेक रत्नं. रिंगरोडवरचा एक साड्यांचा व्यापारी पाऊस सुरू झाला की हटकून माल मागवायचा, कारण पावसात गाड्या रिकाम्या असतात असा त्याचा अभ्यास होता. त्याच्या दुकानात पांढरीशुभ्र गादी. मी निथळत दारात पोचलो की तो ओरडायचा, "वहीं रुको! पानी मत टपकाओ!" मग मी फुटपाथवर उभा राहून एकेक ताका आत भिरकावायचा आणि त्यानं गादीवर झेलायचा. माल कोरा म्हणून त्याला गादीचा मान, मी ओला म्हणून मला दुकानबंदी. एकदा त्याचा झेल सुटला आणि ताका त्याच्या चहाच्या कपावर आदळला. दोषी अर्थातच मी, कारण मी ओला होतो.

एका हवालदारानं मला बंद रस्त्यात धरलं. इतक्यात जोराची सर आली. हवालदारसाहेब माझ्या मालावरचं प्लास्टिक उचलून त्याखाली डोकं घालून उभे राहिले आणि आतूनच मला कायदा समजावत राहिले. कायदा कोरडा, मी ओला. पाऊस थांबल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं, "पुढच्या वेळी सोडणार नाही," म्हणाले आणि गेले. त्यांना माझी दया आली की प्लास्टिकची, ते काही कळलं नाही.

पण मला सांगायची आहे ती दोन भावांची गोष्ट.

थोरला दगडूआप्पा लिंबायतला कांतिशेठच्या खात्यात कारागीर. धाकटा भिका रिंगरोडच्या मार्केटात शेठच्याच दुकानावर माल उतरवून घ्यायला. दोघं सख्खे भाऊ, जळगावकडचे. थोरल्यानं कापड विणायचं, धाकट्यानं तपासायचं, आणि मधलं अंतर मी पायडल मारून भरून काढायचं.

भिकाची तपासायची रीत बघण्यासारखी होती. पावसाळ्यात हात गार पडलेले असतात, गार हाताला गार कापड आणि ओलं कापड यांतला फरक कळत नाही. गालाला कळतो. म्हणून भिका प्रत्येक ताका उचलून गालाला लावायचा, डोळे मिटायचा, आणि मग "कोरा" किंवा "दमट" असा निकाल द्यायचा. दमट ताका थप्पीत गेला तर शेजारच्या कापडालाही वास लागतो, म्हणून तो खात्यात परत जायचा, आणि त्याबद्दलची बोलणी मी आणि कारागीर वाटून खायचो. प्रत्येक ताक्याच्या टोकाला मागाची खूण असते. दगडूआप्पाच्या मागाची खूण भिकाला डोळे मिटूनही ओळखू यायची. रोज भावाचं कापड गालाला लावायचं, पण भावाचं तोंड बघायचं नाही, असा त्याचा नेम होता. दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्यांचे निरोप मी न्यायचो. ह्याला भाडं नव्हतं.

भिका म्हणायचा, "त्या मागवाल्याले सांग, किनार ढिली ई ऱ्हायनी."

मी खात्यात जाऊन सांगायचो. दगडूआप्पा मागाचा खडखडाट ओलांडून ओरडायचा, "त्या गालवाल्याले सांग, त्याना बापले माग चालाडता ई का?"

बाप दोघांचा एकच होता. पण रागात माणूस एवढा नात्याचा विचार कुठे करतो?

भांडण शेतावरून नव्हतं, घरावरून नव्हतं. देवीवरून होतं. खानदेशी माणसाकडे श्रावणात कानबाई बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाची देवी, दागिने घालून, फुलं वाहून चौरंगावर बसवतात, रात्रभर बाया गाणी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत पाण्यावर नेतात. भिकानं डिंडोलीला स्वतःचं छोटं घर घेतलं होतं, स्वयंपाकघरात नवी कोरी फरशी. त्याची बायको म्हणाली, या वर्षी कानबाई आपल्याकडे बसू दे. दगडूआप्पा म्हणाला, देवी थोरल्याच्या घरी बसते, फरशी बघायला यायला ती काय पाहुणी आहे? त्यावर भिका म्हणाला, तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. दगडूआप्पा म्हणाला, तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. दोघांनाही आपण फार मोठं बोललो असं वाटलं असावं, कारण पुढे दोघांनीही ते पाळलं.

मधल्या मध्ये त्यांची आई, सोनामाय. ती थोरल्याकडे राहायची, खात्याच्या मागच्या चाळीत. ठेंगणी, कायम तोंडात तंबाखू, आणि डोक्यात काय चाललंय ते कुणाला कळू न देणारी.

इथे रोटाचा नियम सांगायला हवा. मी बुलढाण्याचा, मलाही तो सोनामायनंच शिकवला. कानबाईच्या सणाला घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य काढतात, गहू आणि हरभऱ्याची डाळ, आणि ते सगळं एकत्र दळतात. त्या पिठाचा रोट. तो घरच्यांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, रोटाच्या वेळी तो परका. मी त्यांच्या दारात किती पावसाळे चहा प्यायलो असेन, पण रोटाचा वास तेवढा माझ्या वाट्याचा, रोट नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी लोकांना सांगायचो.

त्या वर्षी श्रावणात पावसानं सुरतेला धरून झोडपलं. खाडी फुगली होती, लिंबायतच्या गल्ल्यांतून पाणी फिरत होतं. कानबाई बसली, उठली, पौर्णिमा तोंडावर आली. मी खात्याच्या दारात माल रचत होतो. सोनामाय पदर डोक्यावर घेऊन आली. पदराखाली फडक्यात बांधलेला पितळी डबा.

"गुलाब, हाऊ भिकाले दे."

"काय आहे, माय?"

"रोट."

मी दोरी तशीच सोडली. "माय, अन् मी परका ना? माह्या हाती काहून देता?"

"तुले खावाले कोन सांगस? ली जाय नुसता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "भिकानी मूठ मी दोन्ही साल टाकी. मना दोन आंडोर शेतस, मूठ बी दोनच पडतीन. पयला साल त्याना रोट मीच खादा. माले गोड लागना नही."

दोन मुलांनी एका पिठाचं खावं, एवढंच त्या म्हातारीला हवं होतं, आणि दोन्ही मुलं आपापला शब्द सांभाळत बसली होती. मी आत पाहिलं. दगडूआप्पा माग चालू असताना कधी लघवीलाही उठत नसे. त्या दिवशी त्यानं माग बंद केला होता आणि न तुटलेली तार जोडत बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

"डिंडोलीला घरी देऊ?" मी विचारलं.

"घर नको. दुकानमाच दे." आणि मग उगीच विचारल्यासारखं, "शेठ ऱ्हास ना रे दुकानमा या टाइमले?"

मला वाटलं, शेठ रागावेल अशी तिला भीती आहे. मी म्हणालो, "राहतो, पण तू घोर नको करू. मी लपवून नेतो."

तिनं नुसती मान हलवली. मग अटी सांगितल्या. डबा जमिनीवर ठेवायचा नाही. चपलेजवळ ठेवायचा नाही. ओला होऊ द्यायचा नाही. शेठच्या मालाला एक अट, म्हातारीच्या डब्याला तीन, आणि प्लास्टिक एकच. मी डबा गाभाऱ्यात ठेवला, चारी बाजूंनी दगडूआप्पाचेच ताके लावले, वरून प्लास्टिक ओढलं आणि निघालो. इतका सुरक्षित माल मी जन्मात नेला नव्हता.

गरनाळं म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता. पावसात ते सुरतेचं दुसरं नदीपात्र होतं, फरक एवढाच की नदीवर पूल असतो आणि इथे पूल डोक्यावर असतो. आत उतरलो तर पाणी कमरेपर्यंत. सीटवर बसणं बंद, खाली उतरून हँडल धरून ढकलणं सुरू. पाण्याखालचे खड्डे मला पाठ होते, पण महापालिका कष्टाळू, रोज नवे तयार व्हायचे. अशाच एका ताज्या खड्ड्यात डावं चाक गेलं. गाडी कलली, मी अंगानं धरली, आणि आतून धातूचा 'टण्' असा आवाज आला. माल पडला नाही, पाणी वर आलं नाही, प्लास्टिक जागचं हललं नाही. मी स्वतःवर खूश झालो. तुपाचा विचारही माझ्या मनात आला नाही. सोनामायनं रोटांवर वाटीभर तूप ओतलंय, हे मला कुणी सांगितलं होतं?

दुकानावर पोचलो. भिका फळीवर उभा. कांतिशेठ गादीवर, अर्थातच कोरडे. भिकानं एकेक ताका घ्यायला सुरुवात केली. गाल, डोळे, "कोरा". गाल, डोळे, "कोरा". मी मनात ताके मोजत गाभाऱ्याकडे सरकत होतो, की संधी साधून डबा काढावा आणि हळूच त्याच्या हातात द्यावा. पण भिकाचा हात आधी पोचला. त्यानं गाभाऱ्याला लागून असलेला दगडूआप्पाचा ताका उचलला, गालाला लावला, डोळे मिटले, आणि ते पुन्हा उघडलेच नाहीत. तसाच उभा राहिला, गाल ताक्याला लावून. पाऊस पडत होता, मागच्या गाड्या घंट्या मारत होत्या, आणि हा कापडाला गाल लावून उभा.

शेठनं विचारलं, "क्या हुआ? गीला है?"

"कोरा है," भिका म्हणाला. पण आवाज त्याचा नव्हता.

मग त्यानं ताका खाली केला. त्यावर हाताच्या पंजाएवढा पिवळा डाग होता. मागाच्या तेलाचा डाग काळपट असतो, ते रोजचंच. हा पिवळा होता आणि त्याला रोटाच्या तुपाचा वास होता. भिकानं तो डाग पुन्हा नाकाशी नेला. दोन वर्षं ज्या वासाशी त्यानं वैर धरलं होतं, तो शेठच्या फळीवर येऊन त्याच्या गालाला चिकटला होता.

शेठ उठून आले. शेठ उठून येणं म्हणजे काय ते त्यांच्याकडे काम केलेल्यांनाच कळेल. त्यांनी डाग पाहिला, मग गाडीत हात घालून डबा ओढून काढला. "ये क्या है? मेरे माल में टिफिन?"

मी घाबरलो. इतक्या वर्षांत मालात खाण्याची वस्तू ठेवली नव्हती. सुटका व्हावी म्हणून तोंडातून जे पहिलं आलं ते बोललो, "टिफिन नाही, शेठ. प्रसाद है!"

प्रसाद म्हटल्यावर कुठला शेठ रागावेल! शेठचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. चपला काढल्या, दोन्ही हातांनी डबा कपाळाला लावला, फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि प्रसाद आपल्या हातानं घ्यायचा नसतो म्हणून हात पुढे केला. "लाव, लाव. प्रसादनी ना न पडाय." म्हणजे आण, प्रसादाला नाही म्हणत नाहीत. मागचे दोन हमालही हात पुसत पुढे आले. शेजारच्या दुकानातला हिशेब लिहिणारा मेताजीही आला. सुरतेच्या मार्केटात माल घ्यायला कुणी वेळेवर येत नाही, प्रसादाला मात्र रांग लागते.

आता झाली का पंचाईत! शेठला नाही म्हणायचं तर पोटावर पाय, हो म्हणायचं तर सोनामायच्या कुळाचा नियम मोडतो. मी परका, मला तर तोंड उघडायचाच अधिकार नव्हता. मी भिकाकडे पाहिलं.

भिका म्हणाला, "शेठ, ये नहीं दे सकते."

"क्या?" शेठचा हात हवेत तसाच. मला वाटतं, त्या हाताला आयुष्यात कुणी नाही म्हटलं नसावं.

"ये खाली घर के लोग खाते हैं. बाहर का कोई नहीं खा सकता. आप भी नहीं."

"किसके घर के?"

भिका थांबला. ज्या घराचं पाणीही पिणार नाही म्हणून शपथ घेतली, त्या घराचं नाव आता शेठसमोर, हमालांसमोर, मेताजीसमोर घ्यायचं होतं. दुसरा रस्ता नव्हता. रोट परक्याचा आहे म्हणावं तर तो शेठलाही चालला असता. आपला आहे म्हटलं तरच तो शेठच्या हातातून सुटणार होता.

"मेरे," तो म्हणाला. "मेरे भाई के घर से आया है. मेरा है."

शेठनं डबा खाली केला नाही, पण आवाज खाली केला. "तेरा भाई है? दो साल में कभी बोला नहीं."

"है," भिका म्हणाला, आणि ताक्यावरच्या खुणेवर बोट ठेवलं. "ये उसी का माल है."

मला वाटलं, आता शेठ चिडणार. माल डागी, प्रसादाला नकार, वर मालकाला परका ठरवलं. पण शेठलाही स्वतःचे भाऊ होते. त्यांतल्या दोघांशी त्यांचं वर्षानुवर्षं वाकडं, हे मार्केटात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी डबा भिकाच्या हातात दिला आणि म्हणाले, "तो फिर तू खा. मेरे सामने खा. प्रसाद वापस थोडी जाय!"

भिकानं हात धुतले. रोटाचा तुकडा मोडला. तोंडात घातला. आणि तो चावतच राहिला. एवढा वेळ कुणी रोट चावत नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भानही त्याला नव्हतं. मी मात्र पुसलं, कारण माझं पावसाचं होतं, असं मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. दगडूआप्पाच्या घरचं पाणी पिणार नाही ही त्याची शपथ तरीही शाबूत होती. रोट म्हणजे पाणी नव्हे.

खाऊन झाल्यावर तो शेठला म्हणाला, "ताका डागी है. वापस करना पडेगा. मैं खुद लेके जाता हूँ."

डागी ताका परत न्यायला माझ्याशिवाय कुणाची गरज कधीच लागली नव्हती. पण शेठनं काही विचारलं नाही. नुसते "जा," म्हणाले आणि पुन्हा गादीवर जाऊन बसले. मला वाटतं त्यांना रोट न मिळाल्याचं दुःख झालं असावं. मला ते समजू शकत होतं.

परत येताना गाडी रिकामी. नुसता एक डागी ताका आणि डबा. पाऊस मात्र भरगच्च. आयुष्यात पहिल्यांदा प्लास्टिक मोकळं होतं, दोन माणसं सहज झाकली गेली असती. भिकानं ते ताक्याला आणि डब्याला मिळून चारपदरी गुंडाळलं आणि स्वतः उघड्या डोक्यानं मागून गाडी ढकलू लागला. मी म्हणालो, "अरे, एवढं कशाला? डब्याला झाकण आहे."

तो म्हणाला, "मायनी सांगं व्हई, ओला व्हऊ नको देवू."

आईची अट त्याला कुणी सांगितली नव्हती. मीही नाही. पण एकाच घरातले लोक एकाच प्रकारे मूर्ख असतात, त्याला सांगावं लागत नाही.

गरनाळ्यात पाणी आणखी वाढलं होतं. तो मागे, मी पुढे, मध्ये डबा. त्या खड्ड्याची जागा मी त्याला दाखवली, तर तो त्याला वळसा घालून गेला, जणू मोठ्या माणसाचा मान राखावा तसा.

चाळीत पोचलो तेव्हा दगडूआप्पा दारातच होता. खात्यातून लवकर आला होता, म्हणजे मागाची ती न तुटलेली तार त्या दिवशी जोडलीच गेली नसावी. दोघं समोरासमोर आले. मला वाटलं, आता काय बोलतात! दोन वर्षांचं साचलेलं, कसं बाहेर पडेल?

दगडूआप्पानं भिकाच्या खांद्यावरचा ताका पाहिला. "पानी लागनं का?"

"नही," भिका म्हणाला. "तूप लागनं."

"मंग तुनी गाल लावा व्हई."

"लावा."

झालं. एवढंच. दगडूआप्पा बाजूला सरला, भिका उंबरा ओलांडून आत गेला. ज्या दाराचं तोंड बघणार नव्हता, त्यातून चिखलाच्या पायांनी गेला आणि सोनामाय ओरडली नाही. तिनं डबा हातात घेतला, झाकण काढून किती उरलंय ते पाहिलं, आणि एक ताट मांडलं. दोन नाही. दोघं त्या एका ताटावर बसले, गुडघ्याला गुडघा लावून, आणि उरलेला रोट संपवायला लागले. पौर्णिमेच्या आत संपायला हवा होता.

मी उंबऱ्याबाहेर. गाडी धरून, पावसात.

थोड्या वेळानं सोनामाय चहा घेऊन दारात आली. कप माझ्या हातात दिला. मागे वळून ते दोघं ऐकत नाहीत ना पाहिलं आणि हळूच विचारलं,

"शेठनी मांगा ना?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "मांगला, माय," मी म्हणालो.

"मांगीच," ती म्हणाली. "परसाद म्हटं का तो हात पुढे करसच. खात्यानी पूजाले दर साल देखस मी."

म्हणजे मी लपवून नेत होतो तो डबा लपवायचा नव्हताच. तो सापडायला हवा होता, म्हणून ते वाटीभर तूप. शेठनं मागायला हवा होता. माल मी नेत होतो, पण मला ती म्हातारी नेत होती.

मी चहा संपवला. रोट तिनं मला दिला नाही. मी परकाच होतो, आणि नियम म्हणजे नियम. कप परत दिला, गाडीचं हँडल धरलं. तेवढ्यात तिनं हाक मारली. डब्यावरचं प्लास्टिक तिच्या हातात होतं. ती पावसात बाहेर आली, टाचा उंच केल्या आणि ते माझ्या डोक्यावरून घालून हनुवटीखाली गाठ मारली, लहान मुलाला बांधतात तशी.

"भिजी जाशी रे, गुलाब."

मी सकाळपासून भिजलेलोच होतो, त्यामुळे त्या प्लास्टिकचा उपयोग शून्य. आतून त्याला तुपाचा वास येत होता. घर येईपर्यंत मी ते काढलं नाही.